जहाजावरचं कोणीच उरलं नसताना माफी मागितली कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही तीन वर्षांपूर्वी नाशिकहून कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला आलो. मुलगा नववीत आहे. शाळेत त्याला कोमागाता मारू जहाजावर प्रोजेक्ट करायचा आहे. त्याने विचारलं, "आई, २०१६ मध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली तेव्हा जहाजावरचं कोणीच जिवंत नसणार. मग माफी मागितली कोणाची?" मला उत्तर सुचलं नाही. अशा माफीने खरंच काही होतं का, की सगळं मतांसाठीच असतं?

उत्तर: मी गेली सव्वीस वर्षं टोरोंटो परिसरात इमिग्रेशनची वकिली करते. तुमच्या मुलाचा प्रश्न मीही बराच काळ मनात घेऊन हिंडले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण सुरुवात जहाजापासून करू. नेमकं काय केलं गेलं हे नीट समजलं नाही, तर माफी कशाची हेही समजत नाही.

२३ मे १९१४ ला कोमागाता मारू व्हँकुव्हरच्या खाडीत आलं. जहाजावर ३७६ प्रवासी होते. ३४० शीख, २४ मुस्लिम, १२ हिंदू, जवळजवळ सगळे पंजाबचे. जहाज भाड्याने घेतलं होतं गुरदित सिंग यांनी. हे सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि कॅनडाही त्याच साम्राज्याचा भाग. काहींनी तर ब्रिटिश फौजेत नोकरी केलेली. म्हणजे "तुम्ही परके, येऊ नका" असं उघड म्हणायची सोय नव्हती. मग त्यांना अडवलं कसं?

मुलाला इथे थांबवा आणि १९०८ चा नियम वाचायला लावा. त्यात म्हटलं होतं की कॅनडात येणाऱ्याने आपल्या जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर, वाटेत खंड न पाडता यायला हवं. या नियमात 'भारत' हा शब्द नाही. 'शीख' नाही, 'हिंदू' नाही. वाचणाऱ्याला वाटेल, प्रवासाचा साधा नियम आहे. पण भारतातून कॅनडाला थेट तिकीट देणारी एकच मोठी कंपनी होती, कॅनेडियन पॅसिफिक, आणि ती तिकिटं सरकारने सांगून बंद करवली होती. शिवाय आशियातून येणाऱ्याने खिशात २०० डॉलर दाखवायचे, इतरांनी २५. थेट प्रवासाचा नियम सगळ्यांना सारखा, पण पाळता येऊ नये असा फक्त काहींसाठी. माझ्या व्यवसायात असा मजकूर ओळखायला शिकायलाच बरीच वर्षं जातात. ज्या नियमात कोणाचंच नाव नसतं, तो कोणावर पडतो हे आधी बघायचं.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९१३ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्य न्यायाधीशांनी, पनामा मारू नावाच्या जहाजातून आलेल्या भारतीयांच्या प्रकरणात, हे नियम लादणारे आदेश सदोष ठरवले आणि माणसांना सोडलं. त्या निकालाने गुरदित सिंगांना धीर आला. पण जानेवारी १९१४ मध्ये मंत्रिमंडळाने शब्द दुरुस्त करून तेच आदेश पुन्हा काढले. एप्रिलमध्ये जहाज हाँगकाँगहून निघालं तेव्हा कोर्टाने उघडलेलं दार सरकारने परत बंद करून टाकलेलं होतं.

पुढचे दोन महिने जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभं. पूर्वी कॅनडात राहून गेलेल्या वीस-बावीस जणांना उतरू दिलं, बाकीचे डेकवर. पाणी आणि अन्न यांवरून रोज ओढाताण. किनाऱ्यावरच्या भारतीयांनी वर्गणी काढून जहाजाचं भाडं भरलं आणि वकील दिला. मुन्शी सिंग नावाच्या प्रवाशाच्या नावाने दावा चालला. ६ जुलैला अपील कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी तो फेटाळला. १९ जुलैच्या रात्री पोलीस बोटीने जहाजावर चढायला गेले, तेव्हा प्रवाशांनी त्यांच्यावर दगडी कोळसा फेकला. शेवटी रेनबो ही युद्धनौका आणून उभी केली, आणि २३ जुलैला जहाज परत फिरलं. कलकत्त्याजवळ बजबजला ते लागलं, तिथे २९ सप्टेंबरला पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसच्या आसपास प्रवासी मेले.

त्या संतापाची धग गदर चळवळीला, म्हणजे परदेशातल्या भारतीयांच्या ब्रिटिशविरोधी क्रांतिकारी चळवळीला लागली, आणि तिथे आपलंही एक नाव आहे: विष्णू गणेश पिंगळे, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे. अमेरिकेत शिकायला गेले, गदरमध्ये सामील झाले, परत आले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांसोबत फाशी गेले. मुलाला हा धागा जरूर सांगा. नाशिकहून आलेल्या मुलाला ही गोष्ट फक्त पंजाब्यांची वाटायला नको.

आता वकील म्हणून मला जे सांगायचं आहे ते सांगते. यातलं जवळजवळ सगळं कायदेशीर होतं. नियम होता, आदेश होता, कोर्टाचा निकाल होता. लोकांना वाटतं, सरकारने कायदा मोडला म्हणून माफी मागावी लागली. तसं नाही. कायदा मोडला असता तर कोर्टात जाता आलं असतं. कायदाच अन्याय करत होता, म्हणून कोर्टाचं दार बंद होतं आणि माफी ही एकच जागा उरली.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं चिनी लोकांच्या बाबतीत. कॅनडाची किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची रेल्वे बांधायला हजारो चिनी मजूर लागले. १८८५ च्या नोव्हेंबरात तिचा शेवटचा खिळा ठोकला गेला, आणि त्याच वर्षी चिनी माणसावर हेड टॅक्स बसला, म्हणजे डोईपट्टी. आधी ५० डॉलर, १९०० साली १००, १९०३ पासून ५००. पाचशे डॉलर म्हणजे मजुराची जवळपास दोन वर्षांची कमाई. दुसऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला हा कर नव्हता. ऐंशी हजारांवर लोकांनी तो भरला, सरकारच्या तिजोरीत सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर जमले. मग १ जुलै १९२३ ला, कॅनडाच्या राष्ट्रीय सणाच्याच दिवशी, चिनी लोकांना येण्याचीच बंदी झाली. ती १९४७ पर्यंत टिकली. चिनी समाज कित्येक वर्षं त्या दिवसाला अपमानाचा दिवस म्हणत असे.

वकिलीच्या सुरुवातीला मी एका छोट्या ऑफिसात पडेल ते काम करत होते. एकदा एका वृद्ध चिनी बाईंच्या घरी मृत्युपत्राचा मसुदा घेऊन गेले. सह्या झाल्यावर त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढला. त्यांच्या वडिलांचं हेड टॅक्सचं प्रमाणपत्र. तरुण मुलाचा फोटो, जहाजाचं नाव, आल्याची तारीख, ५०० डॉलर मिळाल्याची नोंद. वडील इथे, आई चीनमधल्या खेड्यात. बंदीमुळे आईला आणता येईना. वडील एकदा गावी जाऊन आले, त्यानंतर बाईंचा जन्म झाला. "वडिलांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. मग बोट त्या रकमेवर ठेवून म्हणाल्या, "माझ्याकडे पावती आहे. परत का देत नाहीत?"

हाच प्रश्न कोर्टातही गेला. हेड टॅक्स भरलेला एक माणूस, भरणाऱ्याची एक विधवा आणि एका भरणाऱ्याचा मुलगा यांनी सरकारवर दावा लावला. ऑन्टॅरिओच्या कोर्टाने २००१ मध्ये तो फेटाळला, २००२ मध्ये अपील कोर्टाने तेच केलं, २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीलाच नकार दिला. समानतेची घटनात्मक हमी १९८० च्या दशकातली, ती मागे जाऊन लागू होत नाही. आणि पैसे त्या वेळच्या वैध कायद्याने घेतलेले, म्हणून परतावा नाही. कायद्याचं तर्कशास्त्र म्हणून निकालात खोट काढता येत नाही, आणि तरी मला तो वाचताना आजही लाज वाटते.

२२ जून २००६ ला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली, त्यात कँटोनीज भाषेतलं एक वाक्यही म्हटलं. हयात करदात्यांना आणि दिवंगत करदात्यांच्या हयात जोडीदारांना प्रत्येकी २०,००० डॉलर जाहीर झाले. तेव्हा स्वतः कर भरलेले वीसेक लोकच उरले होते. संघटित मागणी सुरू झाली होती १९८४ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत माणसं गेली. आणि माझ्या त्या बाईंना काहीच मिळालं नाही, कारण मुलांना योजनेत जागा नव्हती. ज्या मुलीने बापाशिवाय चौदा वर्षं काढली तिचं नुकसान सरकारने मोजलंच नाही. मी त्या माफीचा आदर करते, पण ही उणीव मी कधी विसरले नाही.

मतांचं म्हणाल तर हो, मतांचा हिशेब त्यात होता. जानेवारी २००६ मध्ये निवडणूक होती आणि त्या आधीच्या सरकारने माफी न मागता थोडा निधी देऊन विषय मिटवायचा प्रयत्न केला होता, तो समाजातल्या अनेकांनी धुडकावला. पण हे कायदे झाले तेव्हा या लोकांना मतच नव्हतं हे लक्षात घ्या. ब्रिटिश कोलंबियात भारतीयांचा मताधिकार १९०७ मध्ये काढून घेतला गेला, तो १९४७ मध्ये परत मिळाला. चिनी लोकांनाही तो बऱ्याच झगड्यानंतर १९४७ च्या सुमारास मिळाला, जपानी वंशाच्या लोकांना १९४९ मध्ये. ज्यांच्या आजोबांना मत नाकारलं, त्यांच्या नातवंडांच्या मताची आज सरकारला पर्वा करावी लागते. मला यात कमीपणा दिसत नाही. उलट माफी शक्य झाली ती त्यामुळेच.

आता मला सर्वांत पूर्ण वाटणारी माफी सांगते. १९४२ मध्ये, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर, ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या पट्ट्यातून जपानी वंशाच्या एकवीस हजारांहून जास्त लोकांना घराबाहेर काढलं. बहुसंख्य कॅनडाचे नागरिक, कित्येकांचा जन्म इथलाच. व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये जनावरांच्या प्रदर्शनाच्या गोठ्यांत बायका-मुलांना ठेवलं, मग डोंगराळ भागातल्या ओसाड वस्त्यांमध्ये पाठवलं. मासेमारीच्या सुमारे १२०० होड्या जप्त झाल्या. घरं, दुकानं, शेतं "सांभाळण्यासाठी" म्हणून सरकारने ताब्यात घेतली आणि १९४३ पासून मालकांना न विचारता विकून टाकली. कॅनडात जन्मलेल्या एकाही जपानी वंशाच्या माणसावर घातपाताचा किंवा देशद्रोहाचा आरोप झालेला नाही, हे खुद्द पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी १९४४ मध्ये संसदेत सांगितलं. आणि तरीही, युद्ध संपल्यावर, सुमारे चार हजार लोकांना जपानला पाठवून दिलं गेलं. त्यातल्या अनेक मुलांनी जपान कधी पाहिलाही नव्हता. किनाऱ्यावर परतण्याची बंदी उठली १ एप्रिल १९४९ ला, म्हणजे युद्ध संपून साडेतीन वर्षं झाल्यावर.

त्यांच्या संघटनेने १९८६ मध्ये एका मोठ्या लेखापाल संस्थेकडून नुकसानीचा हिशेब करून घेतला. त्या वर्षाच्या दराने ४४ कोटी ३० लाख डॉलर. भावनेच्या जोडीला त्यांनी असा आकडा सरकारच्या टेबलावर ठेवला. २२ सप्टेंबर १९८८ ला पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी संसदेत माफी मागितली. प्रत्येक हयात व्यक्तीला २१,००० डॉलर, समाजासाठी वेगळा निधी, त्या आदेशांखाली दोषी ठरलेल्यांची नावं निर्दोष, आणि ज्यांना देशाबाहेर घालवलं त्यांना व त्यांच्या मुलांना नागरिकत्व परत. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट त्याच वर्षी झाली होती. ज्या युद्धकालीन कायद्याच्या आधारे हे सगळं केलं गेलं तो रद्द होऊन नवा आणीबाणी कायदा आला, आणि त्यात स्पष्ट लिहिलं आहे की वंश, राष्ट्रीय मूळ, रंग, धर्म यांवरून नागरिकांना किंवा कायम रहिवाशांना डांबून ठेवण्याचा आदेश काढता येणार नाही. हे कलम आज तुमचंही रक्षण करतं, तुम्ही अजून नागरिक झाला नसलात तरी, कायम रहिवासी असलात की पुरे.

याच्या उलट न्यूझीलंड. १९७० च्या दशकात तिथे व्हिसाची मुदत संपलेल्यांना पकडायला पोलीस पहाटे घरात घुसत, आणि घरं निवडत ती सामोआ, टोंगा अशा पॅसिफिक बेटांवरून आलेल्यांची. मुदत उलटलेले ब्रिटिश आणि अमेरिकन लोकही होते, त्यांची दारं कोणी फारशी वाजवली नाहीत. १ ऑगस्ट २०२१ ला ऑकलंडच्या टाऊन हॉलमध्ये पंतप्रधान जसिंडा आर्डर्न सामोअन रीतीप्रमाणे विणलेल्या चटईखाली बसल्या. अपराध्याने चटई ओढून बसायचं आणि ज्याचा अपराध केला त्याने ती उचलायची, अशी ती रीत. समाजातल्या लोकांनी ती उचलली. मी ते चित्रण पाहताना रडले. आणि २०२३ मध्ये कळलं की इमिग्रेशन खात्याने एका टोंगन माणसाच्या घरावर पुन्हा पहाटे धाड घातली. माफी मागितली होती, पण धाडीची परवानगी देणारा अधिकार तसाच राहिला होता.

म्हणून माझ्याकडे कोणी अशी माफी घेऊन आलं की भाषण मी नंतर बघते. आधी बघते: ती कुठे मागितली, कोणता कायदा चुकला हे नाव घेऊन सांगितलं का, नोंदी दुरुस्त झाल्या का, आणि तेच पुन्हा करता येऊ नये म्हणून काय बदललं. शब्दही बघते. मराठीत आपल्याला हा फरक उपजत कळतो. गाडीला उशीर झाला की रेल्वे 'दिलगीर' असते. माफी मागताना आपली चूक पदरात घ्यावी लागते. चिनी लोकांना बंदी करणाऱ्या कायद्यांबद्दल अमेरिकेच्या संसदेने २०११ आणि २०१२ मध्ये ठराव केले, ते दिलगिरीचे. जालियनवाला बागेबद्दल २०१९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे जे बोलल्या तेही दिलगिरीच्या पुढे गेलं नाही.

कोमागाता मारूच्या बाबतीत 'कुठे' हाच वाद होता. हार्पर यांनी ३ ऑगस्ट २००८ ला व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरातल्या एका बागेत, मेळ्याच्या व्यासपीठावरून माफी मागितली. ते मंचावरून उतरताच आयोजकांनी ती नाकारली. सरकार म्हणालं, माफी मागून झाली, पुन्हा मागणार नाही. काहींना हा हट्ट वाटला. मला नाही वाटला. चिनी लोकांची आणि जपानी लोकांची माफी संसदेत, मग यांची बागेत का? संसदेत बोललेलं कामकाजाच्या नोंदीत उतरतं, ज्या सभागृहाच्या जोरावर ते नियम चालले त्याच सभागृहाच्या दप्तरात. १८ मे २०१६ ला जस्टिन ट्रूडो यांनी ती संसदेत मागितली आणि प्रवाशांना रोखणाऱ्या कायद्यांची जबाबदारी त्या वेळच्या कॅनडा सरकारची होती, हे स्पष्ट म्हटलं. त्या वेळचे संरक्षणमंत्री हरजित सज्जन शीख, आणि जहाज हाकलण्याच्या कामी जी पलटण होती तिचेच ते पुढे प्रमुख झालेले. ते सभागृहात बसलेले होते.

आपल्या देशाबद्दल लिहिलं नाही तर हे उत्तर अपुरं राहील. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग, शिलाँग अशा भागांतून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या भारतीयांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं, काहींना वर्षानुवर्षं. सुटल्यावर घरं-दुकानं गेलेली होती. त्यातले बरेच जण पुढे टोरोंटोत आले, तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर राहतात आणि हिंदी बोलतात. भारत सरकारने आपली माफी मागावी अशी त्यांच्या संघटनेची मागणी आहे, ती माफी मिळालेली नाही. आणि आपल्या महाराष्ट्रात, ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी आणि अशा कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात माणसं राहिली, हजेरी देत राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले. कायदा गेला, पण ज्यांना गुन्हेगार म्हटलं त्यांची संसदेने माफी मागितलेली नाही, आणि पारध्याच्या पोराकडे पोलीस आजही कसे बघतात हे तुम्हालाही माहीत आहे.

तर मुलाला काय सांगाल? माफी मेलेल्या माणसाला पोचत नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे, ते मान्य करा. पण १९१४ चा निकाल अजून ग्रंथालयात आहे. त्यात त्या माणसांना परत पाठवणं योग्य होतं असंच लिहिलेलं आहे, आणि ते कोणी खोडू शकत नाही. २०१६ ची नोंद त्याच्या शेजारी उभी राहते आणि म्हणते, हे चूक होतं. पुढे कोणी मंत्री किंवा अधिकारी साध्या दिसणाऱ्या नियमाने असंच काही करायला निघाला, तर माझ्यासारखी वकील त्या पानावर बोट ठेवू शकते. मी ठेवलेलं आहे.

प्रोजेक्टसाठी एक सुचवते. व्हँकुव्हर परिसरातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाने या जहाजाची कागदपत्रं आणि प्रवाशांची माहिती ऑनलाइन ठेवली आहे. शिक्षकांना विचारून त्याने तिथून एक नाव निवडावं, गावासकट, आणि सुरुवात त्या माणसापासून करावी. शेवटच्या पानावर ट्रूडोंचं भाषण लावायची गरज नाही, ते सगळेच लावतात. तिथे १९०८ चा नियम पूर्ण लिहून काढायला सांगा, आणि खाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावं की त्यात कोणाचं नाव नाही.